फक्कीमास्तर आणि पश्चिमेची भिंत

प्रिय मीरा आणि ओजस,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मीराने विचारले, "आजी, आपलं सोलापूरचं घर कुणी डिझाइन केलं?" आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आपल्या माहितीतल्या एखाद्या घरावर निबंध लिहायचा आहे, असे ती म्हणाली. मी तोंड उघडण्याआधी तुमचे बाबा मागून म्हणाले, "मीच केलं की! इथूनच. दर रविवारी फोनवर बसून." तुम्ही दोघे हसलात. मी काहीच बोलले नाही. फोन ठेवल्यावर मला स्वतःचा राग आला, कारण या घराच्या बाबतीत मी पूर्वीही बोलायचे तेव्हा बोलले नव्हते, आणि लिहू नये ते लिहिले होते. म्हणून हे पत्र. मुद्दाम मराठीत लिहिते आहे, त्याचे कारण पुढे येईल. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, तर लागू दे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा, बाबांना नको.

हे घर ज्यांनी आखले त्यांना सगळे फक्कीमास्तर म्हणत. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची पांढरी भुकटी. मे महिन्यातला एक अख्खा दिवस मोकळ्या जागेवर बसून काढल्याशिवाय मास्तर पेन्सिल हातात धरत नसत. कुणी घाई केली, दिवाळीत पाया घ्यायचा आहे, लवकर नकाशा द्या म्हणाले, की ते सरळ सांगत, "मग दुसऱ्याकडं जा की. मला मे महिना भेटल्याबिगर जमत न्हाय."

आमच्या प्लॉटवर ते आले तेव्हा जुळे सोलापुरात घरे तुरळक होती आणि मधे नुसते माळ होते. सूर्य उगवायच्या आत त्यांनी प्लॉटच्या मध्यावर पुरुषभर उंचीचा बांबू रोवला. मग काळी छत्री, पाण्याचा तांब्या आणि फक्कीची पिशवी घेऊन ते बाजूला बसले. दर तासाला उठायचे, बांबूच्या सावलीच्या टोकावर चिमूटभर फक्की टाकायची आणि परत छत्रीखाली यायचे. दुपारी मी आणि तुमचे आजोबा जेवणाचा डबा घेऊन गेलो तेव्हा समोरच्या बंगल्यातले गृहस्थ कुंपणाशी उभे राहून विचारत होते, "काय हो, कबड्डीचं मैदान आखताय का?" मास्तर वर न बघता म्हणाले, "व्हय. सूर्याबरोबर डाव हाय. तुमी हरलाय, तुमचा बंगला बघितला मी."

संध्याकाळी जमिनीवर पांढऱ्या ठिपक्यांची एक वाकडी रेघ तयार झाली होती. मास्तर तिच्याकडे पाठ करून रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे, तोंड करून उभे राहिले. सहा वाजून गेले होते तरी डोळे उघडवत नव्हते. ते म्हणाले, "बाई, सकाळचं ऊन दारात उभं राहून विचारतं, येऊ का म्हणून. हे विचारत न्हाय. हे आडवं येतं, पार आतल्या खोलीतल्या पलंगापर्यंत जातं. तुमच्या घराचं भांडण ह्याच्याशी हाय." ते मला बाई म्हणत, कारण मी शाळेत शिकवत होते. पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवले मी. त्यांनीही एका तांत्रिक विद्यालयात नकाशे काढायला शिकवले होते, पण त्यांच्याकडे आर्किटेक्टची पदवी नव्हती. आखणी त्यांची असे आणि खाली सही कुणातरी परवाना असलेल्या इंजिनिअरची. महापालिकेच्या फायलींत त्यांचे नाव कुठेच सापडणार नाही. तुमच्या बाबांना 'मीच केलं' म्हणणे एवढे सोपे गेले ते त्यामुळे.

किती खोल्या हव्यात, हे मास्तरांनी शेवटी विचारले. आधी विचारले ते असे: "मे महिन्यात दुपारी तीनला तुमी कुटं असता?" प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे लागे आणि ते वहीत लिहून घेत. आजोबा म्हणाले, "मी आडवा असतो." मी म्हणाले, "मी पेपर तपासत असते." हे बोलणे आमच्या तेव्हाच्या घरी चालले होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुभद्राबाई तिथेच भांडी गोळा करत होत्या. मास्तरांनी त्यांनाही विचारले, "तुमी कुटं असता हो, तीनला?" सुभद्राबाई हसल्या. "आन् कुटं? मागं उन्हात, भांडी घासत. आमास्नी कोन इचारतंय?" मास्तरांनी तेही लिहिले. नकाशात भांडी घासायची जागा ईशान्येच्या कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत, बसायला कट्टा करून आली. आजोबा मला म्हणाले, "या माणसाने आपल्या दिवाणखान्याआधी मोरी काढली!" मला त्या वेळी हसू आले. आज सुभद्राबाईंची सून त्या कट्ट्यावर बसते आणि मे महिन्यात दुपारी तीनला संपूर्ण घरात तिची जागा सगळ्यात बरी असते.

मास्तरांना उन्हाचा राग होता. कौतुक अजिबात नव्हते. ते भवानी पेठेत विणकरांच्या वस्तीत वाढले. घरी तेलुगू बोलत. वडील मागावर चादरी विणत आणि आई पत्र्याच्या खोलीत बसून विड्या वळत असे. "आमची अम्मा पत्र्यावर ओलं पोतं टाकायची," ते सांगत. "पंधरा मिंटात पोतं वाळायचं. परत शिडी लावायची, परत ओलं करायचं. दिवसातनं दहा खेपा. पंखा लावला की विडीची पानं उडायची, म्हणून पंखा न्हाय." अम्मा एका उन्हाळ्यात शिडीवरून पडली आणि मग उठली नाही, एवढेच एकदा बोलले. त्यानंतर कुणाला वाटले असते की हा माणूस आता पत्र्याला शिव्या देईल. त्यांनी दिल्या नाहीत. ते म्हणाले, "पत्र्याचा काय दोष? ज्यानं ती खोली बांधली त्यानं तीन वाजता तितं बसून बघितलं न्हाय."

पुण्या-मुंबईकडचे लोक कधी कधी त्यांच्याकडे जुन्या पद्धतीचे घर मागायला येत. छताला मातीचे माळवद, लाकडी खांब, सगळे पुस्तकातल्या फोटोसारखे. त्यांना मास्तर हाकलून लावत. "माळवदाला दर साली माती घालायला माणूस लागतो. तो माणूस कोण, तुमी का मी?" त्यांचे घर आजच्या माणसासाठी असे. सिमेंट, विटा, लोखंड सगळे चालायचे. फक्त भिंती दोन पदरी आणि मधे पोकळी. गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. खिडकीवर पुढे आलेले छज्जे, कोणत्या दिशेला किती इंच ते फक्कीच्या ठिपक्यांवरून ठरलेले. एसी लावायलाही ना नव्हती. "लावा. पण लाईट गेल्यावर घरानं तुमाला सांभाळलं पाहिजे. एसी सांभाळत न्हाय."

आता नकाशाकडे येते. आमच्या प्लॉटचा रस्ता पश्चिमेला. मास्तरांनी निजायच्या आणि बसायच्या खोल्या पूर्वेला आणि उत्तरेला घातल्या, मधून एक अरुंद बोळ काढला ज्यातून वारा वाहील, आणि पश्चिमेला, म्हणजे बरोबर रस्त्यावर, जिना, कोठी, न्हाणीघर आणि संडास एका रांगेत उभे केले. त्यांच्या पुढे एक उंच विटांची भिंत, तिला बारीक जाळी. घराने रस्त्याकडे सरळ पाठ केली होती. आजोबांनी नकाशा दोनदा फिरवून पाहिला.

"मास्तर, लोक रस्त्यावरून येताना आधी आमचा संडास बघणार?"

"बघू द्या की. ऊनबी आधी तोच बघंल. तुमी आत गार बसा."

आजोबा आयुष्यभर पाटबंधारे खात्याच्या क्वार्टरांत राहिलेले. उजनीकाठी, नातेपुत्याला, कुठे कुठे. त्यांच्या कुठल्याही घराला चेहरा नव्हता, फक्त नंबर होता. आपल्या पहिल्या आणि शेवटच्या घराला रस्त्यावरून दिसेल असा चेहरा हवा, ही त्यांची हौस मला कळत होती. तरीही ते मास्तरांचे ऐकायला तयार झाले. त्यांना मास्तर आवडत. दोघे प्लॉटवर उभे राहून पाण्याच्या गप्पा मारत. काम सुरू झाले, पूर्वेच्या आणि उत्तरेच्या भिंती खिडकीच्या वरपर्यंत चढल्या, आणि मग तुमच्या बाबांनी तिकडे परदेशात नकाशा पाहिला.

बाबांवर मला अन्याय करायचा नाही. तुम्हाला माहीत नसेल, परदेशात पहिली तीन वर्षे ते एका तळघरातल्या खोलीत राहिले. खिडकी छताला टेकलेली, त्यातून फक्त लोकांचे बूट दिसत. त्यामुळे मोठी काच आणि तिच्यातून येणारे ऊन म्हणजे त्यांच्या लेखी आयुष्य मार्गी लागल्याची खूण होती. आईवडिलांना त्यांना तेच द्यायचे होते. दर रविवारी ते चित्रे पाठवू लागले. रस्त्याच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, तिच्यामागे मोठा दिवाणखाना, शेजारी मोठी निजायची खोली. चित्रांतल्या घरांमागे पाइनची झाडे आणि बर्फ होता. ते माझ्या लक्षात आले होते, आणि मी बोलले नाही.

एका रविवारी फोन स्पीकरवर ठेवून बाबांचे आणि मास्तरांचे बोलणे झाले. बाबा म्हणाले, "मास्तर, इकडे सगळे काच वापरतात. आम्ही डबल ग्लास लावू, ऊन आत येणार नाही."

"लावा की. मग दोन काचा तापतील."

"अहो, सायन्स आहे त्याच्यामागे."

"असंल. तुमच्याकडं माणसं उन्हात बसायला बाहेर येतात, खरं का न्हाय? हितं उन्हातनं पळून आत येतात. घर एकच कसं असंल?"

बाबांनी तो फोन बंद केला आणि मला वेगळा फोन केला. ते म्हणाले, "आई, एक ड्रॉइंग मास्तर मला शिकवणार का? आम्हाला चांगलं काही करता येत असताना तू त्याच्या हातून संडासाचं दर्शनी घर बांधून घेणार?" मुलाच्या आवाजातला तो ओरखडा मला सहन झाला नाही. तो इतका लांब होता. मास्तर जवळ होते. लांबच्याला जपायचे तर जवळच्याला दुखवावे लागते, असे मी ठरवून टाकले.

मास्तरांशी समोरासमोर वाद घालण्याची माझी हिंमत नव्हती. प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असे आणि ते बरोबर असे. म्हणून मी त्यांना पत्र लिहिले, आणि ते इंग्रजीत लिहिले. मास्तरांचे इंग्रजी नकाशावरच्या शब्दांपुरते होते, हे मला ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच इंग्रजीत लिहिले. ज्या भाषेत त्यांना उलट उत्तर देता येणार नाही ती मी निवडली. पत्र टाइप केले, व्याकरण दोनदा तपासले, प्रत फायलीला लावली. शाळेत मी मुलींना सांगत असे की चांगली भाषा म्हणजे सभ्यता. त्या पत्रात चांगल्या भाषेचा मी जो उपयोग केला, त्याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर घरी आले. तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात होतो. आजोबा बाजारात गेले होते. मास्तरांनी चहा नको म्हटले, खिशातून पत्र काढून टेबलावर उलगडले आणि म्हणाले, "बाई, तुमीच वाचून दाखवा. मराठीत सांगा. माझं इंग्रजी नकाशापुरतं."

मी माझेच पत्र वाचायला बसले. तुम्ही आतापर्यंत केलेल्या कामाबद्दल आभारी आहोत, असे सांगितले. मुलाच्या इच्छेप्रमाणे आराखडा बदलायचा आहे, असे सांगितले. पुढचे काम दुसऱ्याकडे देत आहोत, असे सांगितले. मग मी थांबले. मास्तर कागदाकडे बघत होते. त्यांनी मधल्या परिच्छेदावर बोट ठेवले.

"हा तुकडा ऱ्हायला."

"ते तेच आहे, मास्तर. पुन्हा तेच लिहिलंय."

"पाच ओळी हायत बाई. पुन्हा तेच एवढं लांब?"

"इंग्रजीत लांबतं जरा."

त्यांनी कागदावरचे बोट उचलले. मग पत्राची पहिल्यासारखी घडी घातली. "बरं. भिंती पाडू नका फक्त, पूर्वेच्या. त्यांनी काय केलं न्हाय तुमाला." दारात चपला घालताना म्हणाले, "आन् साहेबांना सांगा, मी नाराज न्हाय. पलंग तेवढा पश्चिमेला टाकू नका."

घर पुरे झाले ते असे: पूर्वेकडची अर्धी बाजू मास्तरांची आणि पश्चिमेकडची अर्धी तुमच्या बाबांच्या चित्रांतली. जिना आणि न्हाणीघर आत सरकले, रस्त्यावर काच आली. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने काचेचे कौतुक केले. मास्तरांना बोलावणे आजोबांनी पाठवले होते, मी नाही. ते आले, प्रसाद घेतला, घरभर फिरले आणि संध्याकाळच्या सुमाराला दिवाणखान्यातल्या काचेला हाताची पाठ लावून उभे राहिले. आई तापलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावून बघते तसे. तो जानेवारी महिना होता आणि सगळ्यांना घर उबदार वाटत होते.

पहिल्या एप्रिलमध्येच दिवाणखान्यात दुपारी बसणे बंद झाले. पडदे आले, पडद्यांमागे दुसरे पडदे आले. काचेवर काळी फिल्म लावली. एसी लावले आणि वीज गेली की घर भट्टीसारखे व्हायचे, कारण मोठ्या काचा उघडत नव्हत्या. त्याच वर्षी दिवाळीनंतर आजोबांना अर्धांगवायू झाला. बाबा तिकडून म्हणाले, "त्यांना सगळ्यात मोठ्या खोलीत ठेवा. उजेड आहे, रस्ता दिसेल, मन रमेल." आम्ही त्यांचा पलंग पश्चिमेच्या खोलीत टाकला. दवाखान्यासारखा मोठा, खाली-वर होणारा पलंग. तो त्या खोलीतच जोडून घेतला होता.

पुढच्या मे महिन्यात सलग दोन दुपारी वीज गेली. आजोबांना बोलणे जड जात होते, पण ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बोळ. बोळ." मला कळायला वेळ लागला. त्यांना मास्तरांच्या बोळात जायचे होते. पण तो पलंग खोलीच्या दारातून निघेना. शेवटी सुभद्राबाईंनी आणि मी त्यांना सतरंजीवर घेऊन, ओढत, बोळात आणले आणि जमिनीवर गादी घालून निजवले. तिथे वारा होता. त्यांनी डोळे मिटले. मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि मास्तरांना फोन लावला. त्यांनी फोन घ्यायला नको होता. त्यांनी घेतला, आणि तासाभरात रिक्षाने आले.

आल्या आल्या त्यांनी आजोबांच्या शेजारी जमिनीवर बैठक मारली. "काय साहेब, शेवटी माझ्याकडंच आलात की!" आजोबा हसले. अर्धांगवायू झाल्यापासून मी त्यांना तसे हसताना पाहिले नव्हते. मग मास्तर उठून गच्चीवर गेले, स्वतः उभे राहून पांढरा चुना मारून घेतला, बाहेरून बांबूच्या चटया टांगून घेतल्या. जाताना म्हणाले, "हे उन्हाळ्यापुरतं. बाई, काचेच्या बाहेर तीन फूट सोडून जाळीची भिंत बांधा. मी फुकट आखून देतो. पावसाळ्यात बांधून काढू, पुढचा मे यायच्या आत."

मी बाबांना विचारले. ते म्हणाले, "आई, समोर भिंत आली तर घराचा लूकच जाईल. दिवाळीला मी येतोय, तेव्हा बघू." दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. मग नाताळात बघू झाले. मी पुन्हा थांबले. थांबायला मला कुणी सांगितले नव्हते. जमीन आमच्या नावावर होती, विटा सोलापुरात मिळत होत्या, मास्तर एका फोनवर होते. पुढचा मे आला आणि त्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आजोबा गेले. बोळातच गेले. उन्हाने गेले का, हे मी डॉक्टरांना विचारले नाही. आजतागायत विचारलेले नाही. बाबांना वाटते ते वयाने गेले. वाटू दे, असे मी आजवर म्हणत आले.

दिवस झाल्यावर, बाबा परत गेल्यावर, मी मास्तरांना बोलावले आणि भिंत बांधून घेतली. कुणालाही विचारले नाही. मास्तर रोज येऊन गवंड्याजवळ उभे राहत. जाळीतली प्रत्येक वीट थोडी तिरकी बसवायची होती, म्हणजे वारा येईल आणि संध्याकाळचे ऊन अडेल. गवंडी वैतागून म्हणाला, "मास्तर, सरळ लावली तर काय बिघडतंय?" मास्तर म्हणाले, "तुझं काय न्हाय बिघडत. तू पाचला घरी जातोस. ऊन सातपर्यंत थांबतंय." भिंत झाल्यावर खोली निवली. मी मास्तरांना म्हणाले, "आधी बांधायला हवी होती." त्यांनी 'जाऊ द्या' म्हटले नाही. ते म्हणाले, "व्हय. बांधायला पायजे होती." सांत्वनाला आलेल्या सगळ्यांपेक्षा तेवढे एक वाक्य मला जास्त खरे वाटले, आणि जास्त लागलेही.

मास्तरांनी स्वतःचे घर कधी बांधले नाही. भवानी पेठेतल्या खोलीवर भावांचा हक्क होता, सगळ्यांची संमती कधीच जमली नाही, आणि ते शेवटपर्यंत पत्र्याखाली राहिले. म्हातारपणी मुलीने त्यांना पुण्याला नेले, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथून एकदा त्यांचा फोन आला. "बाई, पश्चिमेला ही एवढी काच हाय. दिवसभर पडदा लावून बसतोय. फक्की कुटं टाकू, जमीनच न्हाय." मी हसले. ते हसले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, नान्ना गेले म्हणून. त्यांच्यात वडिलांना नान्ना म्हणतात. बोलता बोलता मी तिला म्हणाले, "मी त्यांच्याशी वाईट वागले. एक पत्र लिहिलं होतं मी त्यांना."

"माहीत आहे, बाई. ते मीच वाचून दाखवलं होतं त्यांना. मी तेव्हा बारावीत होते."

"सगळं?"

"सगळं. तुमच्याकडं यायच्या आदल्या दिवशी."

"मग माझ्याकडे कशाला आले वाचून घ्यायला?"

"आईनंपण हेच विचारलं होतं. ते म्हणाले, बाई हे तोंडावर म्हणतात का, बघून येतो. परत आले ते खूश होते. म्हणाले, बाईंनी तेवढा तुकडा वाचला न्हाय. म्हणजे त्यांना स्वतःला ते खरं वाटत न्हाय."

मी त्या दिवशी तो तुकडा वाचला नाही तो लाजेने. तो खरा वाटत नव्हता म्हणून नव्हे. मला तो खरा वाटत होता. मास्तरांनी माझ्याबद्दल जो चांगला समज करून घेतला तो चुकीचा होता, आणि त्याच समजावर विसंबून ते त्या मे महिन्यात रिक्षाने धावत आले. हे मी त्यांच्या मुलीला सांगू शकले नाही. तुम्हाला सांगते. त्या पाच ओळी मराठीत अशा आहेत: "तुमचे शिक्षण आणि तुमचा अनुभव आमच्या दर्जाच्या घरासाठी पुरेसा नाही. कामगार वस्तीतील घरांचे निकष तुम्ही आम्हाला लावत आहात. आमच्या मुलाने जग पाहिलेले आहे. त्याच्या मतासमोर तुमचे मत आम्ही ग्राह्य धरू शकत नाही."

मीरा, निबंधात घर कुणी डिझाइन केले या प्रश्नाखाली मास्तरांचे नाव लिही. बाबांना हे पत्र दाखवायचे की नाही ते तू ठरव. मी दाखवू नकोस असे सांगणार नाही. मी आजवर पुष्कळ गोष्टी न दाखवता ठेवल्या. बिघडलेल्या अर्ध्या घराचा नकाशा कुणी काढला असे कुणी विचारले, तर तिथे बाबांबरोबर माझेही नाव घाल.

मास्तरांनी पहिल्यांदा काढलेला आराखडा काल मी माळ्यावरून खाली काढला. नऊ कागद आहेत, सगळे पेन्सिलीने काढलेले. कुठल्याही कागदावर त्यांची सही नाही, म्हणून प्रत्येकामागे मी त्यांचे पूर्ण नाव लिहिले आहे. दोन कागदांच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. रेषा सगळ्या शाबूत आहेत.

तुमची आजी